पवनारचा सूर्यास्त कुठं लिहून ठेवायचा?

मार्चमधला रमजान होता. दुसऱ्या रोज्याच्या संध्याकाळी पवनारहून खालाचा फोन आला. सलाम-दुवा झाली आणि तिनं सरळ विचारलं, “बेटा, तुह्या मोबाइलमंधला सूर्य कुठला हाये?”

मला काही कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. खालाचं घर गावापासून जरा लांब, शेताच्या बाजूला आहे. मस्जिदीची अजान वारा तिकडून असेल तरच कानावर पडते. म्हणून मी तिच्या मोबाइलवर नमाजच्या वेळा दाखवणारं एक छोटं अॅप टाकून दिलं होतं. ते मीच लिहिलेलं. मुंबईतली नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी बसून केलेलं काम. पहिल्या रोज्याला सूर्य बुडाला, पाखरं झाडावर परतली, अंधारून आलं, तरी मोबाइल म्हणत होता की इफ्तारला अजून वेळ आहे. खाला थांबली. भाच्यानं इंजिनियरिंग केलंय, त्याचं कसं चुकेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं मोबाइल पालथा ठेवला, आभाळ बघितलं आणि खजूर तोंडात टाकला.

इफ्तार थोडा उशिरा केला म्हणून रोजा तुटत नाही. खरी अडचण तिच्या पुढच्या वाक्यात होती. “मंग सहरीची वेळ बी चुकलीच असन नं?”

चुकलीच होती. सूर्यास्त जितका उशिरा दाखवला जात होता, तितकीच पहाटही उशिरा दाखवली जात होती. म्हणजे दोन्ही दिवस सुब्ह-सादिक उलटून गेल्यावरही खाला पाणी पीत होती. रात्र बाकी आहे असं समजून कोणी खाल्लं आणि नंतर कळलं की पहाट झाली होती, तर त्या रोज्याची कजा करावी लागते. कफ्फारा नाही, पण कजा आहे. सत्तरीच्या बाईचे दोन रोजे माझ्या एका ओळीनं घालवले.

ती ओळ मला लगेच सापडली. प्रोग्रामच्या अगदी पोटात मी मुंबईचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवले होते. मुंबई ७२.८ अंश पूर्वेला, पवनार जवळपास ७८.७ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. सहा अंशांना थोडं कमी, म्हणजे साधारण तेवीस मिनिटं. पवनारला सूर्य मुंबईच्या तेवीस मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. माझ्या अॅपमध्ये पवनारला सूर्यच नव्हता. मुंबईचाच सूर्य तिथं पाठवला होता.

माझ्या मशीनवर तर बरोबर होतं

सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या प्रत्येकानं हे वाक्य कधी ना कधी उच्चारलेलं असतं. माझ्या लॅपटॉपवर सगळं बरोबरच होतं, कारण माझा लॅपटॉप मुंबईत होता. मी ज्या दोन मित्रांना अॅप तपासायला दिलं, तेही मुंबईचेच. चूक दिसायला मशीन वर्धा जिल्ह्यात जावं लागलं.

एकच प्रोग्राम अनेक ठिकाणी चालतो. लिहिणाऱ्याच्या टेबलावर चालतो, तपासणीच्या मशीनवर चालतो आणि शेवटी लोकांच्या हातात चालतो. प्रत्येक ठिकाणी काही गोष्टी त्याच असतात, काही बदलतात. सूर्य क्षितिजाखाली किती अंश गेला की मगरिब होते, याचं गणित पवनारला आणि पनवेलला सारखंच. ठिकाणाचे आकडे मात्र वेगळे. म्हणून बदलणाऱ्या गोष्टी प्रोग्रामच्या बाहेर एका वेगळ्या फाइलीत लिहायच्या, अशी रीत पडली. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात, बोलताना ‘कॉन्फिग’. साधी मजकुराची फाइल असते. डावीकडे नाव, उजवीकडे किंमत. ठिकाण: पवनार. असरची पद्धत: हनफी. असं.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज नोकरीत तेच करतो. पण घरचं काम म्हणून आळस केला. त्या रात्री बसून दुरुस्ती करताना मनात येत राहिलं की, ‘सगळ्यांचं एक’ आणि ‘ज्याचं त्याचं वेगळं’ ही वाटणी कॉम्प्युटरवाल्यांनी शोधलेली नाही. ती फार जुनी आहे. आणि तिचा एक उत्तम नमुना तर खालाच्या पवनारशीच जोडलेला आहे.

प्रवरपूरचे ताम्रपट

पाचव्या शतकात विदर्भावर वाकाटकांचं राज्य होतं. राजा दुसरा प्रवरसेन यानं प्रवरपूर नावाची राजधानी वसवली. नागपूरचे थोर संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी हे प्रवरपूर म्हणजेच धाम नदीकाठचं पवनार, असं मांडलं. पुढे रामटेकजवळच्या मनसरला उत्खनन झालं आणि प्रवरपूर तिथं असल्याचाही दावा झाला. तो वाद अभ्यासकांनी मिटवावा. मला रस आहे तो या राजानं काढलेल्या ताम्रपटांत. मिराशींनी वाकाटकांचे कोरीव लेख एकत्र करून १९६३ साली प्रसिद्ध केले. ते एकापाठोपाठ एक वाचले की एक गोष्ट चटकन ध्यानात येते.

सुरुवात जवळजवळ तीच असते. पहिल्या प्रवरसेनानं केलेले यज्ञ, मग त्याचा वंश, मग रुद्रसेन, पृथिवीषेण, मग प्रभावती गुप्ता ही दानकर्त्याची आई. पुढे दान दिलेल्या गावाला मिळणाऱ्या सवलतींची यादी, तीही ठरलेल्या शब्दांत. आणि या ठरलेल्या मजकुराच्या मधोमध बदलणाऱ्या जागा. गाव कोणतं, कुठल्या भागातलं, दान कोणाला, राज्यवर्ष कोणतं, सेनापती कोण.

प्रवरपूरहून निघालेला चम्मकचा ताम्रपट घ्या. चम्मक म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं अचलपूरजवळचं गाव. ताम्रपटात त्याचं नाव चर्मांक आहे, वर्ष अठरावं आणि सेनापती चित्रवर्मा. त्याच अठराव्या वर्षाचा सिवनीचा ताम्रपट आहे. तिथं गाव वेगळं आणि सेनापती बप्पदेव. वंशावळ मात्र तीच. लेखनिकासमोर ठरलेला मजकूर असणार आणि प्रत्येक दानासाठी मधल्या जागा तो भरत असणार, असं दिसतं.

चम्मकच्या पटात आणखी एक गंमत आहे. हे दान हजार ब्राह्मणांना दिलेलं आहे आणि त्याला खास अट जोडली आहे. दान घेणाऱ्यांनी राज्याविरुद्ध कट करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, लढाई करू नये, दुसऱ्या गावांना त्रास देऊ नये. असं वागले तरच दान चंद्रसूर्य असेपर्यंत त्यांचं. हा नेहमीच्या मजकुराचा भाग नव्हे, तर या एका दानापुरता घातलेला जादा नियम आहे. आमच्या धंद्यात यालाच मूळ मांडणीवर स्थानिक बदल चढवणं म्हणतात. मूळ मजकुराला हात लावायचा नाही, तो सगळीकडे तसाच ठेवायचा. एका ठिकाणची गरज त्या ठिकाणच्या पटावर लिहायची.

आणि अशी गरज तांब्यावर कोरून गावाकडे दिली जायची, हेही महत्त्वाचं. ज्याच्यावर नियम लागू आहे त्याच्या हातात तो असायचा. खालाच्या हातात तिच्या गावाचा आकडाच नव्हता. तो मी माझ्यापाशी दडवून ठेवला होता.

दमास्कसचा मुवक्कित

नमाजच्या वेळा हा तर आपल्या इतिहासातला या प्रश्नाचा सर्वांत जुना धडा आहे. दिवसातल्या पाच वेळा सूर्यावर ठरतात आणि सूर्य प्रत्येक शहराला वेगळ्या वेळी दिसतो. इस्लाम अनेक देशांत पसरला, तसं हे गणित कोणीतरी करणं भाग पडलं. तेराव्या शतकापासून मिसर आणि शाममधल्या मोठ्या मस्जिदींत त्यासाठी खास माणूस नेमला जाऊ लागला. त्याला मुवक्कित म्हणत. वक्त सांभाळणारा.

चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मस्जिदीत इब्न अल्-शातिर हा मुख्य मुवक्कित होता. त्याचाच सहकारी शम्सुद्दीन अल्-खलीली. या अल्-खलीलीनं दोन प्रकारची कोष्टकं केली. एक खास दमास्कससाठी. दमास्कसचा अक्षांश धरून वर्षभराच्या वेळा काढलेल्या. ही कोष्टकं तिथं एकोणिसाव्या शतकापर्यंत वापरात होती. दुसरी कोष्टकं कोणत्याही एका शहराची नव्हती. तेरा हजारांहून जास्त आकडे त्यानं असे मांडले की, कुठल्याही अक्षांशाच्या माणसानं आपला आकडा घेऊन यावं आणि आपलं उत्तर काढून न्यावं. गणित सामाईक, ठिकाण ज्याचं त्यानं आणायचं.

साडेसहाशे वर्षांपूर्वी हातानं केलेलं हे काम मी वाचलं होतं. तरीही माझं अॅप दमास्कसच्या पहिल्या कोष्टकासारखं झालं. म्हणजे एका शहराचं. फरक इतकाच की अल्-खलीलीनं त्यावर दमास्कसचं नाव लिहिलं होतं. माझ्या अॅपवर कुठंच मुंबई लिहिलेलं नव्हतं. चूक एका शहराचं कोष्टक केल्यात नव्हती. त्या शहराचं नाव न सांगता ते सर्वांच्या हातात दिलं, ही चूक होती.

मस्जिदीच्या भिंतीवरचा तक्ता

आमच्या लहानपणीच्या मस्जिदीत वुजूखान्याच्या वर काचेच्या चौकटीत एक छापील तक्ता होता. दायमी औकात, म्हणजे दरवर्षी चालणाऱ्या वेळा. वर मोठ्या अक्षरात नागपूर. आणि तळाशी बारीक टाइपात आसपासच्या गावांची यादी. या गावासाठी इतकी मिनिटं मिळवा, त्या गावासाठी वजा करा. असे तक्ते अजूनही अनेक मस्जिदींत दिसतील. हिशेब साधा आहे. नागपूर ७९.१ अंशांवर आहे. वर्धा त्याच्या पश्चिमेला, म्हणून दोन मिनिटं अधिक. यवतमाळला चार, अमरावतीला पाच. चंद्रपूर किंचित पूर्वेला, म्हणून एक वजा.

अब्बा मला त्या तळाच्या ओळी वाचायला लावायचे. तेव्हा तो कंटाळवाणा हिशेब वाटायचा. आता वाटतं, माझ्या अॅपपेक्षा तो कागद हुशार होता. त्यावर तीन गोष्टी उघड लिहिलेल्या होत्या. मूळ वेळा कुठल्या, तुझं गाव कोणतं आणि दोहोंत फरक किती. वाचणाऱ्याला फसवायला जागाच नव्हती.

मुंबईची वेळ, सर्वांची वेळ

एका शहराची वेळ दुसऱ्यावर लादली की काय होतं, याचा अनुभव खुद्द मुंबईनं घेतलेला आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातलं प्रत्येक शहर आपापल्या सूर्यानं चालायचं. रेल्वेसाठी मात्र मद्रासची वेळ धरली जायची. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसननं मुंबईतही मद्रासची वेळ लागू केली. लोकांनी ती इतकी नाकारली की १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती ८२.५ अंश रेखांशाची. मुंबईच्या सूर्यापेक्षा ती एकोणचाळीस मिनिटं पुढे. मुंबई महापालिकेनं तीही मानली नाही. मुंबईची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत टिकून होती.

यात प्रमाणवेळ वाईट होती असं मला म्हणायचं नाही. सबंध देशाच्या गाड्या एका घड्याळावर चालायलाच हव्यात. पण घड्याळ सामाईक झालं म्हणून सूर्य सामाईक होत नाही. पवनारचा सूर्य प्रमाणवेळेच्या पंधरा मिनिटं मागे आहे, रत्नागिरीचा सदतीस. घड्याळाची वेळ हा सामाईक भाग. सूर्याची वेळ हा ठिकाणाचा भाग. दोन्ही एका जागी लिहिले की गोंधळ होतो. वेगळे लिहिले की दोन्ही नीट चालतात.

आज जगातल्या जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर वेळेच्या पट्ट्यांची एक माहिती-फाइल असते. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात तिची सुरुवात केली. जगातल्या कुठल्या प्रदेशात घड्याळ कधी पुढे-मागे झालं, याची ती वहीच आहे. दुसऱ्या महायुद्धात भारताचं घड्याळ काही काळ तासभर पुढे केलं होतं, तेही तिच्यात नोंदलेलं आहे. तुमच्या मशीनला फक्त एक नाव लिहून ठेवावं लागतं, एशिया/कोलकाता. बाकीचं ती वही बघून घेते. कोणत्या देशानं नियम बदलला तर वहीतली एक ओळ बदलते आणि ती बदललेली वही सगळीकडे जाते. लाखो प्रोग्राम उघडून दुरुस्त करावे लागत नाहीत.

या वहीत रमजानही आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? मोरोक्कोनं २०१८ मध्ये वर्षभर घड्याळ एक तास पुढे ठेवायचं ठरवलं, मात्र रमजानपुरतं ते मागे घेतलं जातं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. त्यामुळे त्या एका देशासाठी प्रत्येक वर्षाच्या वेगळ्या ओळी लिहाव्या लागतात. २०८७ सालापर्यंतचे अंदाज त्यात भरलेले आहेत. जगभरच्या मशीनवर जाणारी फाइल एका देशाच्या रोजेदारांसाठी जागा ठेवते. ‘वेगळं’ नीट लिहिलं तर ‘एक’ मोडत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

धंद्यातली शिस्त

कॉम्प्युटरच्या जगाला ही शिस्त यायला वेळ लागला. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत प्रोग्रामला त्याच्या परिसराची माहिती बाहेरून देण्याची सोय झाली. प्रोग्राम तोच, पण तो सुरू करणारा माणूस त्याच्या कानात चार गोष्टी सांगू शकतो. पुढे संस्थांमध्ये शेकडो मशीन आली. प्रत्येकावर हातानं फाइल बदलत फिरणं अशक्य झालं. १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन नावाचं साधन लिहिलं. त्यातली कल्पना अशी की, मशीनला कामांची यादी द्यायची नाही. शेवटी ते कसं असायला हवं तेवढं लिहायचं. साधन तपासतं आणि जिथं फरक असेल तिथंच दुरुस्ती करतं. दहा वेळा चालवलं तरी बिघडत नाही. आज वापरात असलेली बरीच साधनं याच वाटेनं आली आहेत.

२०११ च्या सुमारास हेरोकू या कंपनीतल्या अॅडम विगिन्स आणि सहकाऱ्यांनी बारा नियमांची एक मांडणी केली. तिसरा नियम कॉन्फिगरेशनचा. ठिकाणानुसार जे बदलतं ते प्रोग्रामच्या बाहेर ठेवा, असं तो सांगतो. त्याची कसोटी मला फार आवडते. तुमचा सगळा प्रोग्राम या क्षणी चौकात मांडला, तर एखादा पासवर्ड उघडा पडेल का? पडत असेल तर वाटणी नीट झालेली नाही.

माझ्याबाबतीत चौकात मुंबईचे अक्षांश-रेखांश पडले असते. सोबत मस्जिद कमिटीच्या संदेशसेवेचा पासवर्डही पडला असता. तोही मी त्याच फाइलीत लिहून ठेवला होता. हे कबूल करायला लाज वाटते, पण लिहितो. असं करणारा मी एकटा नाही.

गृहीत धरलेलं गाव

ठिकाण लिहिलेलं नसेल तर प्रोग्राम काहीतरी गृहीत धरतो. त्याला डिफॉल्ट म्हणतात. डिफॉल्ट निरुपद्रवी वाटतो, पण तो नेहमी कोणाचं तरी गाव असतो. बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचं.

नमाजच्या वेळांत असे अनेक डिफॉल्ट लपलेले असतात. असरचं घ्या. विदर्भ-मराठवाड्यातले बहुतेक मुसलमान हनफी आहेत. त्यांची असर सावली दुप्पट झाल्यावर होते. कोकणी मुसलमान शाफई. त्यांची असर सावली एकपट झाल्यावर. साधारण तासाभराचा फरक. भारत म्हटलं की हनफी, असं कोणी गृहीत धरलं तर रत्नागिरीच्या घराला दुपारभर चुकीची वेळ दिसेल. फजरचा कोन घ्या. कराचीच्या पद्धतीत सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश असताना फजर होते. उत्तर अमेरिकेतली एक प्रचलित पद्धत पंधरा अंश धरते. मार्चमध्ये आपल्याकडे एवढ्यानं बारा-तेरा मिनिटांचा फरक पडतो. सहरीला बसलेल्या माणसाला ती मिनिटं मोठी असतात. चंद्र घ्या. सौदीची दिनदर्शिका आणि आपल्याकडचं चंद्रदर्शन यांत बहुधा एक दिवसाचं अंतर पडतं. तो आकडा इथल्या माणसाच्या हातात हवा.

डिफॉल्ट असू नये असं नाही. पण तो दुसऱ्याचं पुसून त्या जागी बसू नये. इथं पवनारच्याच एका माणसाची आठवण होते. विनोबा १९३८ मध्ये पवनारला आले आणि १९८२ मध्ये तिथंच गेले. कुरआन मुळातून वाचता यावं म्हणून ते अरबी शिकले. त्यांनी केलेली कुरआनमधली निवड १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या प्रेरणेनं १९७५ मध्ये नागरी लिपी परिषद उभी राहिली. भारतातल्या सगळ्या भाषांसाठी नागरी वापरावी असं त्यांना वाटायचं, पण त्यांचा आग्रह ‘नागरीच’ असा नव्हता, ‘नागरीही’ असा होता. भाषेची स्वतःची लिपी राहील, सोबत नागरी असेल. त्यांच्याशी कोणी सहमत असो वा नसो, ‘च’ आणि ‘ही’ यांतला फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. चांगली सामाईक मांडणी ‘ही’ म्हणते. वाईट मांडणी ‘च’ म्हणते, आणि तेही न सांगता.

मराठी मुसलमानाला हा अनुभव नवा नाही. मुसलमान म्हटलं की कोणी लखनौ गृहीत धरतं, कोणी हैदराबाद. मराठी म्हटलं की आणखी तिसरंच काही. आपलं गाव कोणी विचारत नाही, ते परस्पर भरून टाकलं जातं. माझी तक्रार नेहमी हीच होती. आणि हातात प्रोग्राम आला तेव्हा मी खालाशी नेमकं तेच केलं. पवनार विचारलं नाही, मुंबई भरून टाकली.

दुरुस्ती

त्या रात्री मी अॅपचे तीन थर केले. पहिला सामाईक. सूर्याचं गणित, महिन्यांची नावं, भाषा. तो कुणीच बदलायचा नाही. दुसरा ठिकाणाचा. प्रत्येक गावाची एक छोटी फाइल, तीत अक्षांश, रेखांश, चंद्रासाठी एक दिवस मागे-पुढे करण्याची जागा. तिसरा घराचा किंवा मस्जिदीचा. हनफी की शाफई, फजरचा कोन, खबरदारीची एक-दोन मिनिटं. वाचताना घराचं आधी बघायचं, तिथं नसेल तर गावाचं, तिथंही नसेल तर सामाईक.

एक गोष्ट मात्र सामाईक थरात मुद्दाम रिकामी ठेवली. गाव. कुठंच गाव लिहिलेलं नसेल तर अॅप वेळ दाखवत नाही. ‘आधी तुमचं गाव सांगा’ एवढंच म्हणतं. चुकीची वेळ आत्मविश्वासानं सांगण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं.

पासवर्ड वेगळ्या कुलूपबंद जागी नेला आणि बदलून टाकला. गावांच्या फाइली अशा ठिकाणी ठेवल्या की कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. मस्जिदीच्या जमाखर्चाच्या वहीत खाडाखोड चालत नाही, तसंच. गावाची नवी फाइल आली की ती भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून बघायची, हा नियम केला. नागपूरचं आणि वर्ध्याचं अंतर दोन मिनिटांऐवजी वीस निघालं, तर फाइल पुढे जात नाही. आणि पडद्यावर सर्वांत वर, वेळेच्याही आधी, गावाचं नाव. अब्बांनी वाचायला लावलेला तो तक्ताच मी तीस वर्षांनी परत लिहीत होतो.

खालाला मी माफी मागितली. तिनं रागावून घेतलं नाही. दोन रोज्यांची कजा तिनं डिसेंबरात केली, दिवस लहान असतात म्हणून. त्या दोन दिवसांपैकी एका दिवशी मी पवनारला होतो. संध्याकाळी आम्ही शेताच्या बांधावर बसलो होतो. तिच्या मांडीवर मोबाइल होता. तिनं चष्मा लावला, पडद्यावरची पहिली ओळ बोट ठेवून वाचली, “पवनार.” मग खाली वेळ बघितली. मग मोबाइल बाजूला ठेवून पश्चिमेकडे बघत राहिली.

सूर्य बुडाल्यावर तिनं खजूर उचलला, अर्धा मला दिला आणि म्हणाली, “आता जमलं. तरी मी आभाळ पाह्यल्याशिवाय सोडत नाही.”